आकाशगंगेचा नकाशा ताऱ्यांच्या गतीवरून कसा काढतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावाबाहेर, अंधाऱ्या माळावर आकाशगंगेचा पट्टा पहिल्यांदा नीट पाहिला की मनात जे प्रश्न येतात, ते इथं एकत्र केले आहेत. ‘आकाशगंगा’ हा शब्द फक्त आपल्या दीर्घिकेसाठी वापरला आहे.

आपण तर आकाशगंगेच्या आतच आहोत. मग तिचा आकार बाहेरून पाहिल्यासारखा कसा सांगता येतो?

आकाशगंगेची ‘वरून’ दिसणारी जी चित्रं सगळीकडे फिरतात, ती चित्रकारानं काढलेली असतात. तसा फोटो आजवर कोणीच घेतलेला नाही, कारण आपलं एकही यान तबकडीच्या, म्हणजे आकाशगंगेतले बहुतेक तारे ज्या चपट्या थरात आहेत त्याच्या, बाहेर पोचलेलं नाही. त्या चित्रांमागं माहिती मात्र खरी आहे, आणि तिचा मोठा भाग ताऱ्यांचे वेग मोजून मिळाला आहे.

आधीचा मार्ग वेगळा होता: तारे मोजायचे. विल्यम हर्शेलनं १७८५ मध्ये आकाशाच्या शेकडो तुकड्यांतले तारे दुर्बिणीतून मोजून नकाशा काढला. त्यात सूर्य जवळजवळ मध्यभागी आला. हॉलंडच्या याकोबस काप्टाइननं १९२२ मध्ये हेच काम छायाचित्रांच्या काचांवरून कितीतरी काटेकोरपणे केलं, तरीही सूर्य मध्याजवळच राहिला. मोजणी चोख होती, पण तबकडीतली धूळ दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश गिळत होती. त्यामुळे तबकडीत कुठल्याही दिशेला पाहिलं तरी ठरावीक अंतरानंतर तारे विरळ होत गेल्यासारखे वाटत. धुळीचा हा परिणाम रॉबर्ट ट्रम्प्लरनं १९३० मध्ये पक्का दाखवला.

गतीला मात्र धूळ हात लावू शकत नाही. धुळीमुळे ताऱ्याचा उजेड कमी होतो, रंग लालसर होतो, पण वर्णपटातली, म्हणजे ताऱ्याच्या प्रकाशाच्या रंगपट्टीतली, रेषा जागची हलत नाही. तो तारा आपल्याकडे येतोय की दूर जातोय, हे धुळीतूनही तितकंच नेमकं कळतं. रेडिओ लहरी तर धुळीला जुमानतच नाहीत.

तारे तर पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी दिसतात. ते हलतात हे कशावरून?

एडमंड हॅलीनं १७१८ मध्ये व्याध, स्वाती आणि रोहिणी या ताऱ्यांच्या जागा प्राचीन ग्रीक नोंदींशी ताडून पाहिल्या. त्या जुळेनात. स्वाती तर एका अंशाहूनही जास्त सरकलेला होता, म्हणजे पूर्ण चंद्राच्या दोन रुंदींहून अधिक. ताऱ्याच्या आकाशातल्या अशा सरकण्याला निजगती म्हणतात.

आपल्याला ती दिसत नाही याचं कारण साधं गणित आहे. एखादा तारा १०० प्रकाशवर्षांवर असेल आणि सेकंदाला ३० किलोमीटर वेगानं आडवा जात असेल, तर वर्षभरात तो सुमारे ०.२ विकला सरकतो. एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. सर्वांत वेगानं सरकणारा बर्नार्डचा तारा वर्षाला १० विकलांहून थोडा जास्त सरकतो, तरी त्याला चंद्राच्या रुंदीइतकं अंतर कापायला पावणेदोनशे वर्षं लागतात.

मग इतक्या बारीक गती मोजतात कशा?

तीन गोष्टी लागतात. आडवी गती जागा पुन्हापुन्हा मोजून मिळते. आपल्या दिशेनं येण्याजाण्याचा वेग वर्णपटातून मिळतो: तारा जवळ येत असेल तर रेषा निळ्याकडे सरकतात, लांब जात असेल तर तांबड्याकडे. विल्यम हगिन्सनं १८६८ मध्ये व्याधावर हा प्रयोग केला. तिसरी गोष्ट अंतर. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळचा तारा मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत वर्षभरात किंचित पुढेमागे झालेला दिसतो, हा पराशय. फ्रीड्रिश बेसेलनं १८३८ मध्ये हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचा पराशय मोजला आणि त्याचं अंतर ठरवलं. आजच्या मापानं ते सुमारे ११ प्रकाशवर्षं आहे.

अंतर कळल्याशिवाय आडवा वेग किलोमीटरमध्ये सांगता येत नाही, म्हणून ही तिन्ही मापं एकत्र लागतात. युरोपीय अवकाश संस्थेच्या हिप्पार्कोस उपग्रहानं १९८९ ते १९९३ या काळात सुमारे १ लाख १८ हजार तारे असे मोजले. त्यानंतरची गाया दुर्बीण १९ डिसेंबर २०१३ रोजी निघाली, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरून २०२५ च्या जानेवारीपर्यंत मोजत राहिली आणि मार्चमध्ये बंद करण्यात आली. २०२२ च्या माहितीसंचात तिच्या यादीत सुमारे १८० कोटी तारे होते आणि त्यांतल्या ३ कोटी ३० लाखांहून अधिक ताऱ्यांचे जवळ-लांब जाण्याचे वेगही होते. या विषयाचे आता ‘गायाआधी’ आणि ‘गायानंतर’ असे दोन काळ पाडायला हरकत नाही.

आकाशगंगा फिरते आहे हे कोणी आणि कसं ओळखलं?

या पानावरचा सर्वांत सुंदर तर्क हाच आहे असं मला वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तबकडीतले तारे केंद्राभोवती फिरतात असं धरा, आणि ती तबकडी एकसंध, घट्ट वस्तूसारखी फिरत नाही असंही धरा. म्हणजे आतल्या बाजूचे तारे आपली फेरी लवकर संपवतात, बाहेरचे रेंगाळतात. आपणही त्यांच्यातच फिरतो आहोत. मग आपल्याला काय दिसायला हवं? केंद्राच्या दिशेला शून्य अंश म्हणू आणि आपण ज्या दिशेनं चाललो आहोत तिला ९० अंश. ४५ अंशांवरचे तारे आपल्या आतल्या बाजूला आणि पुढे आहेत. ते आपल्याहून झपाट्यानं पुढे जातात, म्हणून लांब जाताना दिसतील. १३५ अंशांवरचे तारे बाहेरच्या बाजूला आणि पुढे आहेत. त्यांना आपण गाठत जातो, म्हणून ते जवळ येताना दिसतील. २२५ अंशांवर पुन्हा लांब जाणारे, ३१५ वर पुन्हा जवळ येणारे. आणि शून्य, ९०, १८० आणि २७० अंशांवर या कारणानं काहीच फरक नाही. म्हणजे आकाशाची एक प्रदक्षिणा करताना वेगाचा आलेख दोनदा वर जाऊन दोनदा खाली यायला हवा, आणि तारे जितके दूर तितकी ही लाट उंच हवी.

लायडनच्या यान ऊर्टनं १९२७ मध्ये ताऱ्यांचे मोजलेले वेग घेतले आणि ही दुहेरी लाट दाखवून दिली. स्वीडनच्या बर्टिल लिंडब्लाडनं फिरणाऱ्या आकाशगंगेचं गणित त्याआधी मांडलंच होतं. आजच्या मापानं, ३२६० प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्यांत या लाटेची उंची सेकंदाला सुमारे १५ किलोमीटर येते. लाट कुठे शून्य होते यावरून केंद्राची दिशाही मिळाली, आणि ती हार्लो शॅपलीनं १९१८ मध्ये गोलाकार तारकागुच्छांच्या वाटणीवरून सांगितलेल्या धनू राशीतल्या दिशेशी जुळली. दोन पूर्णपणे वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं. ऊर्ट हा काप्टाइनचाच विद्यार्थी होता. गुरूनं मध्यावर ठेवलेला सूर्य शिष्याच्या या आलेखानं बाजूला सरकवला.

याला जोडूनच ‘वेगवान’ ताऱ्यांचं कोडं सुटलं. सूर्याच्या तुलनेत फार जोरात जाणारे तारे एकाच अर्ध्या आकाशाकडे पळताना दिसत, दुसऱ्या अर्ध्याकडे जवळपास कोणीच नाही. उलगडा असा, की ते तारे मुळात जोरात जातच नाहीत. ते तबकडीभोवतीच्या प्रभामंडळातले, म्हणजे ताऱ्यांच्या विरळ, गोलसर वेढ्यातले, तबकडीबरोबर न फिरणारे तारे आहेत आणि आपणच सेकंदाला सुमारे २३० किलोमीटर वेगानं त्यांच्यापासून पुढे निघून जातो. आपल्यापासून फक्त १३ प्रकाशवर्षांवरचा काप्टाइनचा तारा तर तबकडीच्या उलट दिशेनं फिरतो. तबकडी आणि प्रभामंडळ हे आकाशगंगेचे दोन वेगळे भाग आहेत, हे अशा वेगांवरूनच प्रथम स्पष्ट झालं.

सूर्याला एक फेरी मारायला किती वेळ लागतो?

सुमारे २३ कोटी वर्षं. जन्मल्यापासून सूर्याच्या जेमतेम २० फेऱ्या झाल्या आहेत. सध्या आपली दिशा ढोबळमानानं हंस तारकासमूहाकडे आहे. त्याशिवाय शेजारच्या ताऱ्यांच्या तुलनेत सूर्याची सेकंदाला २० किलोमीटरच्या आसपास स्वतःची वेगळी चाल आहे, शौरी तारकासमूहाच्या रोखानं. ती हर्शेलनं १७८३ मध्येच ओळखली होती. शिवाय सूर्य तबकडीच्या मधल्या पातळीच्या वरखाली हेलकावतही असतो.

सूर्याच्या मार्गाचं केंद्राभोवतीचं वळण आता थेट मोजलं गेलं आहे. गायानं अतिदूरच्या क्वासारांच्या, म्हणजे दीर्घिकांच्या अतितेजस्वी केंद्रांच्या, जागांमधला सूक्ष्म, पद्धतशीर सरकाव मोजला आणि त्यावरून आपली सूर्यमाला केंद्राकडे किती ओढली जाते ते काढलं. सूर्यमालेचा वेग त्या ओढीनं वर्षभरात सेकंदाला फक्त ७ मिलिमीटरनं बदलतो. एवढा फरक पकडता येतो, ही माणसाच्या मोजमापाची केवढी मोठी मजल आहे!

केंद्रात कृष्णविवर आहे हे ताऱ्यांवरूनच कळलं का?

हो. धुळीमुळे दृश्य प्रकाशात केंद्र दिसत नाही, पण अवरक्त प्रकाशात दिसतं. रायनहार्ड गेंझेल आणि आंद्रिया गेझ यांच्या गटांनी १९९० च्या दशकापासून केंद्राजवळचे तारे वर्षानुवर्षं टिपले. त्यांतला एस-२ हा तारा १६ वर्षांत एक फेरी पुरी करतो. मे २०१८ मध्ये तो केंद्राच्या सर्वांत जवळ, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे १२० पट इतक्या अंतरावर आला, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ७,६०० किलोमीटरहून जास्त होता. असा वेग असूनही ताऱ्याला कक्षेत धरून ठेवायला तिथं सुमारे ४० लाख सूर्यांइतकं वस्तुमान लागतं, आणि तेही इतक्या छोट्या जागेत. या कामासाठी दोघांना २०२० च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा मिळाला.

याच कक्षेतून केंद्राचं अंतरही मिळतं. वर्णपटातून वेग किलोमीटरमध्ये कळतो, आकाशात तीच कक्षा कोनांमध्ये दिसते. दोन्ही जुळवले की अंतर येतं सुमारे २६,७०० प्रकाशवर्षं.

गतीवरून आकाशगंगेचं वजन कसं काढतात?

जितकं वस्तुमान जास्त, तितक्या जोरानं फिरावं लागतं. नाहीतर तारा आत पडेल. सूर्याचा वेग २३० किलोमीटर आणि अंतर २६,७०० प्रकाशवर्षं घेतलं, तर साध्या हिशोबानं आपल्या कक्षेच्या आत सुमारे १०० अब्ज सूर्यांइतकं वस्तुमान असायला हवं.

खरा पेच पुढे आहे. तारे बाहेरच्या भागात विरळ होतात, म्हणून तिथले वेग झपाट्यानं उतरायला हवेत. आपल्या दुप्पट अंतरावर वेग १६० च्या आसपास यायला हवा होता, पण तो अजूनही २०० किलोमीटरच्या वरच आहे. व्हेरा रूबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये देवयानी दीर्घिकेत हेच पाहिलं होतं: कडेपर्यंत वेग जवळजवळ तसाच. म्हणजे दिसणाऱ्या ताऱ्यांपलीकडे न दिसणारं पुष्कळ वस्तुमान आहे. त्यालाच कृष्णद्रव्य म्हणतात. ते कशाचं बनलेलं आहे हे अजून कोणालाच ठाऊक नाही, आणि गुरुत्वाकर्षणाचे नियमच बदलून पाहणारे शास्त्रज्ञही आहेत. पण आकाशगंगेचं दिसणारं आणि न दिसणारं मिळून वस्तुमान एक लाख कोटी सूर्यांच्या घरात आहे, असा बहुतेक मापांचा कल आहे.

सर्पिल भुजा कशा सापडल्या?

थंड हायड्रोजन वायू २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतो, असं भाकीत हेंक व्हान दे हुल्स्टनं १९४४ मध्ये केलं आणि १९५१ मध्ये ती लहर सापडली. ती धुळीतून आरपार येते. एका दिशेला दुर्बीण रोखली की वेगवेगळ्या वेगांचे वायू वेगवेगळ्या लांबीवर दिसतात. आकाशगंगा कशी फिरते हे माहीत असेल, तर प्रत्येक वेगावरून तो वायू किती दूर आहे याचा अंदाज करता येतो. १९५८ पर्यंत हॉलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या मोजमापांवरून भुजांचा पहिला मोठा नकाशा तयार झाला. त्यात केंद्राच्या आणि बरोबर उलट दिशेला मोकळ्या फाकी राहिल्या, कारण तिथं फिरण्यामुळे जवळ-लांब जाण्याचा वेग शून्य होतो आणि ही युक्तीच चालत नाही. पुढे रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्यांनी नवजात ताऱ्यांभोवतीच्या मेसर स्रोतांचे, म्हणजे लेसरसारख्या प्रखर रेडिओ लहरी सोडणाऱ्या वायूच्या ठिकाणांचे, पराशय थेट मोजले, तेव्हा भुजांची अंतरं गृहीतकांशिवाय हाती आली.

याच २१ सेंटिमीटरच्या लहरी टिपणारी एक मोठी दुर्बीण आपल्या नारायणगावजवळ, खोडदला आहे: जीएमआरटी, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. दूरच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन कसा फिरतो, हे तिथून पाहिलं जातं.

पण आतले तारे लवकर फिरतात तर भुजा गुंडाळल्या कशा जात नाहीत?

हा प्रश्न विचारणाऱ्याला विषय कळला आहे असं खुशाल समजा. भुजा ठरावीक ताऱ्यांच्या बनलेल्या असत्या, तर सूर्याच्या २० फेऱ्यांत त्यांचा गुंता झाला असता. दिवे घाटात पालखी सोहळ्याची दाटी होते, वारकरी मात्र पुढे चालतच राहतात. दाटीत आत्ता असलेली माणसं थोड्या वेळानं दुसरीच असतात. चिया-चाओ लिन आणि फ्रँक शू यांनी १९६४ मध्ये भुजांचं असंच स्पष्टीकरण दिलं: भुजा म्हणजे दाटीची लाट, तारे तिच्यात शिरतात आणि बाहेर पडतात. ही लाट दीर्घकाळ टिकते की भुजा बनतात, मोडतात आणि पुन्हा बनतात, हा वाद अजून चालू आहे. मला दुसरी बाजू अधिक पटते, कारण गायाच्या वेगांत एकच शिस्तशीर नमुना सगळीकडे दिसत नाही.

मध्यभागी ताऱ्यांचा दांडा आहे म्हणतात. तो कसा कळला?

वायू जर वर्तुळात फिरत असेल, तर केंद्राच्या बरोबर दिशेला त्याचा आपल्याकडे येण्याचा वेग शून्य हवा. १९५० च्या दशकात तिथं सेकंदाला ५३ किलोमीटर वेगानं आपल्याकडे येणारी वायूची भुजा सापडली. मध्ये लांबट दांडा असेल तरच वायूच्या कक्षा अशा लंबगोल होतात, असं जेरार्ड द व्होकूलर यांनी १९६४ मध्ये सुचवलं. १९९० च्या दशकात वायूच्या गती आणि अवरक्त चित्रं दोन्हींनी ते पक्कं केलं.

तबकडी खरोखर सपाट आहे का? आणि ती शांत आहे का?

दोन्हींचं उत्तर नाही. कडा एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली वाकलेल्या आहेत. शांततेबद्दल सांगायचं तर २०१८ मध्ये तेरेसा अँतोहा आणि सहकाऱ्यांनी गायाच्या लाखो ताऱ्यांची पातळीपासूनची उंची आणि वरखाली जाण्याचा वेग एका आलेखावर मांडला. तिथं एकसारखा ठिपका यायला हवा होता, पण आली गोगलगायीच्या शंखासारखी गुंडाळी. तिचा अर्थ असा की ३० ते ९० कोटी वर्षांपूर्वी तबकडीला कशाचा तरी धक्का बसला आणि तारे अजून हेलकावे खात आहेत. संशय आहे १९९४ मध्ये सापडलेल्या धनू बटू दीर्घिकेवर, जी आपल्याभोवती फिरता फिरता फाटत चालली आहे.

आकाशगंगेचा इतिहासही गतीतून कळतो?

सर्वांत थक्क करणारा भाग हाच. ताऱ्याची कक्षा अब्जावधी वर्षं आपला मूळ बाज टिकवते, म्हणून बाहेरून आलेले तारे आजही ओळखू येतात. २०१८ मध्ये अमिना हेल्मी आणि वसिली बेलोकुरोव यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की प्रभामंडळातले बरेचसे तारे केंद्राच्या जवळून जाऊन पुन्हा लांब जाणाऱ्या, अतिशय लांबट कक्षांत फिरतात आणि त्यांची रासायनिक घडणही वेगळी आहे. ते सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वी आपल्यात विलीन झालेल्या एका दीर्घिकेचे तारे आहेत. तिला आता गाया-एन्सेलाडस म्हणतात.

शेजारच्या दीर्घिकांच्या गतीचा यात काय उपयोग?

व्हेस्टो स्लायफरनं १९१२ मध्ये देवयानी दीर्घिका सेकंदाला ३०० किलोमीटर वेगानं आपल्याकडे येत असल्याचं मोजलं. त्यातला बराचसा वेग सूर्याच्याच फिरण्याचा आहे. तो वजा केला की उरतात सुमारे ११०. विश्व प्रसरण पावत असताना दोन दीर्घिका जवळ येतात, याचा अर्थ त्यांच्या परस्पर ओढीनं प्रसरणावर मात केली. त्यासाठी किती वस्तुमान लागेल याचा हिशोब फ्रान्झ कान आणि लोडेवाइक वोल्ट्येर यांनी १९५९ मध्ये केला, आणि उत्तर दिसणाऱ्या ताऱ्यांच्या कितीतरी पट आलं. रूबिन यांच्या आधीचा कृष्णद्रव्याचा हा पुरावा फारसा सांगितला जात नाही. तो सांगायला हवा.

मोठा मॅगेलन मेघ १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवर आहे, पण इतका वजनदार की आपली तबकडी त्याच्याकडे ओढली जाते. दूरच्या प्रभामंडळातल्या ताऱ्यांच्या वेगांत ही ओढ २०२१ मध्ये मोजली गेली.

देवयानी आपल्यावर आदळणारच ना?

२०१२ च्या हबल मोजमापांनंतर तसं जवळजवळ ठरल्यासारखं सांगितलं जात होतं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या गणितात मॅगेलन मेघाची ओढ आणि मोजमापांतली अनिश्चितता धरल्यावर पुढच्या १० अब्ज वर्षांत टक्कर होण्याची शक्यता साधारण निम्मी निघाली.

यातलं महाराष्ट्रातून काय पाहता येतं?

केंद्राची दिशा सहज. वृश्चिकाच्या शेपटीचं टोक, म्हणजे मूळ नक्षत्र, आणि धनू रास यांच्या मधे पाहा. मे महिन्यात रात्री दोन-तीनच्या सुमारास ती दक्षिणेला असते, पुण्याहून क्षितिजापासून सुमारे ४२ अंश वर. पावसाळ्यात आशा सोडा. ऑक्टोबरमध्ये अंधार पडताच ती नैर्ऋत्येला सापडते. देवयानी दीर्घिका ऑक्टोबर ते जानेवारी संध्याकाळी, अंधाऱ्या जागी नुसत्या डोळ्यांनीही दिसते.

ही मापं मी स्वतः तपासू शकतो का?

जरूर. गायाची प्रसिद्ध झालेली माहिती सर्वांना मोफत खुली आहे. तबकडीच्या पातळीजवळचे, दोन ते चार हजार प्रकाशवर्षांवरचे काही हजार तारे निवडा. त्यांचे वेग घ्या, त्यातून सूर्याची स्वतःची चाल वजा करा आणि केंद्रापासूनच्या कोनानुसार मांडा. ठिपके खूप विखुरलेले दिसतील, म्हणून दर दहा अंशांची सरासरी काढा. साध्या स्प्रेडशीटमध्येही ऊर्टची दुहेरी लाट उमटते.